हंगामापूर्वी हरितगृहाची सफाई व निर्जंतुकीकरण

हरितगृहातील ढोबळी मिरचीचा शेवटचा तोडा साधारणतः मार्चअखेर आटोपतो व नवी लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी होते. मधले दोन-अडीच महिने पुष्कळ ठिकाणी वाया जातात. झाडे वाळेपर्यंत तशीच उभी राहतात. मे महिन्याच्या अखेरीस ती घाईघाईने उपटून दाराबाहेर बांधावर टाकली जातात. मग वाफ्यांवर एखादे औषध ओतून त्यातच नवी रोपे लावली जातात. पहिल्या वर्षी भरघोस उत्पन्न देणारे हरितगृह दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी का उतरते, ह्याचे कारण बहुधा ह्या दोन महिन्यांतच सापडते. उत्पन्न घटले तरी कर्जाचे हप्ते घटत नाहीत.

उघड्या शेतात ऊन, पाऊस, वारा व पिकांची फेरपालट ह्यांमुळे रोग-किडींना काही प्रमाणात आळा बसतो. हरितगृहात मात्र पीक तेच, ऊब कायम आणि खतपाणी रोजचे. जे पिकाला मानवते तेच रोगालाही मानवते. यास्तव जे काम उघड्या रानात निसर्ग करतो, ते येथे शेतकऱ्यालाच करावे लागते.

उपटण्यापूर्वी मुळे पाहा

सफाईचा आरंभ झाडूने नव्हे, तपासणीने करावा. पीक उभे असतानाच प्रत्येक वाफ्यातील दोन-तीन झाडे खुरप्याने मुळांसह अलगद काढावीत व बादलीतील पाण्यात धुवावीत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. शेंड्याकडे पाहून शेतकरी खत कमी पडले असे समजतो व खताची मात्रा वाढवतो, आणि खरी व्याधी जमिनीत वाढत राहते. एक मादी शेकडो अंडी घालते व उबदार मातीत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. ज्या वाफ्यांत गाठी आढळतील त्यांच्या टोकाला चुन्याची खूण करावी. पुढील सर्व कामात ह्या खुणेचा उपयोग होतो.

झाडे कापून काढू नयेत, मुळांसकट उपटावीत. जमिनीत राहिलेल्या मुळांच्या तुकड्यांत अंडी सुरक्षित राहतात. उपटलेली झाडे पोत्यांत भरून बाहेर न्यावीत व दूर नेऊन खोल पुरावीत किंवा वाळवून जाळावीत. ती खताच्या खड्ड्यात घालू नयेत. घरच्या खड्ड्यातील उष्णता सर्व भागांत सारखी नसल्याने तेच खत पुढील वर्षी रोग घेऊन परत येते. झाडे बांधण्याच्या जुन्या दोऱ्याही टाकून द्याव्यात. चार पैसे वाचवण्यासाठी त्या पुन्हा वापरल्या जातात, परंतु वाळलेल्या रसात विषाणू दीर्घकाळ टिकतो. ह्याच कारणास्तव तंबाखू मळलेल्या हातांनी मिरचीच्या रोपांना स्पर्श करू नये. ही सूचना मजुरांना सांगताना संकोच वाटतो खरा, पण सांगितलीच पाहिजे.

हरितगृहाच्या आतील तण आणि बाहेरील बाजूचे किमान दहा-पंधरा फुटांतील तण काढून टाकावे. पांढरी माशी व फुलकिडे पीक नसताना तणांवरच दिवस काढतात.

आधी धुणे, मग औषध

चिखल, शेवाळ व पाला ह्यांच्या थराखाली जंतुनाशक पोहोचत नाही. क्लोरीनसारखी द्रव्ये तर घाणीशी संयोग पावून तेथेच निकामी होतात. धुण्याचे काम वरून खाली करावे. छताचा कागद, त्यानंतर पन्हळी, बाजूच्या जाळ्या, खांब व शेवटी वाटा, असा क्रम ठेवावा. कागदावरील धूळ प्रकाश अडवते. ती साध्या पाण्याने व मऊ कापडाने काढावी, फार तर सौम्य साबण वापरावा. तारेचा ब्रश लावू नये. गंधक व क्लोरीन ह्यांच्या संपर्काने कागदातील ऊन सोसण्याची शक्ती कमी होते, म्हणून ब्लीचिंग पावडरचे पाणी कागदावर फवारू नये. कीटकरोधक जाळीवर आतून बाहेर पाण्याचा झोत मारावा. फाटलेल्या जागा ह्याच वेळी जोडून घ्याव्यात, कारण फुलकिड्याला सुईच्या नेढ्याएवढी वाट पुरते.

खांबांचे बूड, सिमेंटच्या वाटा, क्रेट, कात्र्या व खुरपी ह्यांसाठी ताजी ब्लीचिंग पावडर दहा लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम ह्या प्रमाणात भिजवावी व वरचे निवळ पाणी वापरावे. उघडी राहून जुनी झालेली पावडर उपयोगाची नाही. पृष्ठभाग दहा मिनिटे ओला राहिला पाहिजे. त्यानंतर लोखंडी वस्तू स्वच्छ पाण्याने धुवाव्यात, नाहीतर गंज चढेल. काम सकाळी, पडदे उघडे ठेवून व हातमोजे घालून करावे.

ठिबक संच

प्रथम गाळण्या उघडून धुवाव्यात, नंतर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी सोडावे. तोट्यांत क्षार साचले असल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करावी. एक लिटर पाण्यात थोडे थोडे आम्ल टाकून, पाण्याचा सामू ४ येण्यास किती लागते ते लिटमससारख्या कागदाने पाहावे व त्या प्रमाणात संचात सोडावे. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी नळ्या धुवून काढाव्यात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. शेवाळासाठी क्लोरीनची प्रक्रिया करावयाची तर ती वेगळ्या दिवशी, संच पूर्ण धुतल्यावरच करावी. आम्ल व ब्लीचिंग एकत्र आल्यास विषारी वायू निर्माण होतो आणि बंद हरितगृहात तो जिवावर बेततो. ह्या एका बाबतीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः उभे राहून काम करून घ्यावे.

मातीला ऊन देणे

पूर्वी वाफ्यांवर फॉर्मॅलिन ओतण्याची शिफारस केली जात असे. फॉर्मॅलिनमधील फॉर्माल्डिहाइड मनुष्यात कर्करोग निर्माण करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. मिथिल ब्रोमाइड हा दुसरा जालीम उपाय ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रियल कराराखाली विकसनशील देशांतही २०१५ पासून शेतजमिनीसाठी मागे पडला. आपल्याकडे मात्र त्या दोहोंहून स्वस्त साधन आहे, ते म्हणजे वैशाखाचे ऊन.

भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची कोकण-मावळातील रीत सर्वांना ठाऊक आहे. उष्णतेने माती शुद्ध करण्याचे तत्त्व तेच. पारदर्शक कागद पसरून ओल्या मातीत सूर्याची उष्णता कोंडण्याची पद्धत इस्राएलमध्ये कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. हरितगृहात ती उघड्या शेतापेक्षाही चांगली साधते.

कृती अशी. कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफे आधीच तयार करावेत. हे महत्त्वाचे आहे, कारण नंतर खोल खणले तर खालची न तापलेली माती वर येते आणि नंतर घातलेले खत नवे जंतू आणते. मूठ दाबली असता मातीचा गोळा व्हावा इतपत ओल द्यावी, कारण कोरडी माती उष्णता खाली जाऊ देत नाही. त्यावर २५ मायक्रॉन, म्हणजे १०० गेजचा पारदर्शक कागद मातीला चिकटवून पसरावा व कडा मातीत गाडाव्यात. काळा कागद ह्या कामी चालत नाही. हरितगृहाचे पडदे खाली सोडून चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. वरच्या थराचे तापमान ४५ ते ५५ अंशांपर्यंत जाते.

ह्या उपायाला मर्यादा आहेत. परिणाम वरच्या सहा ते आठ इंचांत चांगला होतो. खोल गेलेल्या सूत्रकृमी काही अंशी उरतात, तसेच कडेच्या व खांबांलगतच्या मातीत उष्णता कमी पडते. चुन्याची खूण असलेल्या वाफ्यांवर म्हणून कागद पूर्ण सहा आठवडे ठेवावा. कागद काढून माती निवल्यावर निंबोळी पेंडीत वाढवलेली ट्रायकोडर्मा व पॅसिलोमायसिस ही उपयुक्त बुरशी वरच्या थरात मिसळावी. ती आधी घातल्यास उन्हाने मरते.

लागवडीपूर्वी

रोपे कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवलेली, निरोगी घ्यावीत. दुहेरी दाराच्या मधल्या जागेत पाय बुडवण्याचे पाणी ठेवावे व ते रोज बदलावे.

कागद दहा एप्रिलच्या सुमारास घातला तर मेच्या चौथ्या आठवड्यात निघतो आणि लागवडीला अद्याप महिना उरतो. त्याच दिवशी खुणेच्या प्रत्येक वाफ्यातील माती एकेका कुंडीत भरून तीत काकडीचे बी टाकावे. चार आठवड्यांनी रोप उपटून मुळे धुवावीत. गाठी नसल्या तर त्या वाफ्यात मिरची लावावी. गाठी आढळल्या तर त्या वाफ्याची लागवड पुढे ढकलून तेथे झेंडू घ्यावा.