शक्तीआधी शुद्धी

सातपूरच्या कारखान्यांत विद्युत-देखभालीच्या कामात हयात घालविलेल्या आणि फावल्या वेळी परवानाधारक हौशी बिनतारी केंद्र चालविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे, स्वतःचे चिमुकले एफएम केंद्र उभारू इच्छिणारी तरुण मंडळी सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा वॅटचाच असतो. आणि माझ्या अनुभवाचे सार असे की, जो प्रथम शक्ती मागतो त्याच्या पदरी प्रथम तक्रारी येतात.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या सुमारास आमच्या वसाहतीतील एका शिकाऊ उमेदवाराने, टपालाने मागविलेला तयार प्रक्षेपक गच्चीवर बसवून, मंडळाची आरती घरोघरच्या रेडिओवर पोहोचविण्याचा घाट घातला. आरती चार घरांपलीकडे धड गेली नाही, परंतु 101.4 मेगाहर्ट्झवरील आकाशवाणी नाशिक मात्र आसपासच्या गल्ल्यांतून लुप्त झाली आणि शेजाऱ्यांची कैफियत माझ्यापर्यंत आली. मी गच्चीवर पोहोचताच तो म्हणाला, "काका, आवाज पुढं जातच नाही. मोठा ॲम्प्लिफायर लावू का?" मी आधी यंत्र बंद करावयास लावले, कारण 1933 च्या बिनतारी कायद्यापासून 2023 च्या दूरसंचार कायद्यापर्यंत, वसाहतभर ऐकू जाईल असे प्रक्षेपण विनापरवाना करण्याची मुभा कोणालाही नाही, मग हेतू कितीही सात्त्विक असो.

यंत्र उघडल्यावर दोष उघड झाला: अखेरच्या टप्प्यानंतर उच्च कंप्रता अडविणारी गाळणी, म्हणजे लो-पास फिल्टर, मुळीच नव्हता. त्याने निवडलेल्या 105 मेगाहर्ट्झची दुप्पट, 210, ही दूरचित्रवाणीच्या पट्ट्यात पडते. याहून सूक्ष्म अपाय असा की, ॲन्टेनातून उलट शिरलेली आकाशवाणीची लहर अखेरच्या ट्रान्झिस्टरमध्ये आपल्या लहरीशी मिसळली, तर 210 वजा 101.4, म्हणजे 108.6 मेगाहर्ट्झवर तिसरीच लहर जन्मास येते. आणि 108 च्या वरचा पट्टा वैमानिकांना दिशा दाखविणाऱ्या यंत्रणांसाठी राखलेला आहे. नाशिक परिसरात ओझर आणि गांधीनगर येथे विमाने उतरत असता ही बाब क्षुल्लक मानता येत नाही. अशा यंत्रास मोठा ॲम्प्लिफायर जोडणे म्हणजे अशुद्धीचीच वृद्धी करणे होय. म्हणून कोणत्याही यंत्राची पहिली चाचणी ॲन्टेनावर न घेता 50 ओहमच्या डमी लोडवर घ्यावी.

पुढे त्या मुलाने रीतसर परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा परवाना मिळविला आणि 145 मेगाहर्ट्झवर आम्ही मिळून जे केले, ते प्रत्येक लहान केंद्रास लागू पडते. अर्धतरंग डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढावयाची तर 143 ला मेगाहर्ट्झने भागावे. 145 साठी ती सुमारे 99 सेंटीमीटर येते. ॲन्टेना पाण्याची टाकी, लोखंडी कठडा आणि पत्र्यापासून दूर व शक्य तितकी उंच असावी. शक्ती दुप्पट केल्याने केवळ 3 डेसिबलचा लाभ होतो. उलट मोकळ्या सपाट प्रदेशात उंची दुप्पट केल्यास साधारणतः 6 डेसिबलचा, म्हणजे चौपट शक्तीइतका लाभ पदरात पडतो, आणि त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

केबलची कंजुषी मात्र महाग पडते. 145 मेगाहर्ट्झवर बारीक आरजी-58 केबलच्या 20 मीटरमध्ये निम्म्याहून अधिक शक्ती उष्णतेत विरून जाते. जाड आरजी-213 मध्ये ही हानी सुमारे तृतीयांशावर येते. ॲन्टेनाच्या मुळाशी फेराइटचे मणी किंवा केबलचेच काही वेढे घातले, म्हणजे केबलच्या बाह्य आवरणावरून धावणारा प्रवाह रोखला जातो. शेजाऱ्याच्या ध्वनिवर्धकात आपला आवाज उमटण्याचे कारण पुष्कळदा हाच प्रवाह असतो. जोडांना पावसापूर्वी जलरोधक रबरी पट्टी गुंडाळावी, खांबास स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि वळवाच्या दिवसांत ढग दाटताच केबल यंत्रापासून सोडवावी.

ग्रहणातील गोंगाटाचा शोध मात्र स्वगृहापासून आरंभावा. घराचा मुख्य स्विच बंद करून बॅटरीवरील रेडिओ ऐकावा. खरखर थांबली तर अपराधी आपलाच एलईडी दिवा, चार्जर किंवा इन्व्हर्टर आहे असे समजावे. न थांबल्यास कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी पुन्हा ऐकून तुलना करावी. विजेच्या खांबावरील धूळग्रस्त इन्सुलेटरचा संशय आला, तर स्वतः खांबाला हात न लावता महावितरणकडे लेखी अर्ज करावा.

ज्यांना तंत्राची गोडी आहे, त्यांनी हौशी बिनतारीची परीक्षा द्यावी. मात्र त्या परवान्यावर गाणी वा कार्यक्रम प्रक्षेपित करता येत नाहीत, हे विसरू नये. ज्यांना कार्यक्रमांची ओढ आहे, त्यांच्यासाठी सामुदायिक नभोवाणीचा मार्ग 2002 पासून शैक्षणिक संस्थांना आणि 2006 पासून सेवाभावी संस्थांना खुला आहे, व नाशिकचे 90.8 वरील रेडिओ विश्वास हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. अशा केंद्रासही 2006 च्या धोरणाने 100 वॅट प्रभावी शक्तीची सर्वसाधारण मर्यादा घातली. तेव्हा शेकडो वॅटची स्वप्ने पाहण्यापेक्षा हाती असलेला प्रत्येक वॅट स्वच्छपणे आणि सनदशीरपणे वापरावा, हीच माझी तरुण मित्रांना विनंती आहे.