बारामतीची इटालियन गाडी आणि माजरीची धूळ

प्रश्न : मी माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला आहे. ड्युटीला जायला १२५ सीसीची गाडी आहे. दोन वर्षांपासून पैसे साठवतो आहे आणि अप्रिलिया आरएस ४५७ मनात भरली आहे. बाबा म्हणतात, ‘‘इटालियन गाड्या दिसायलाच चांगल्या, टिकत नाहीत. रूप काय चाटायचं आहे?’’ मित्र म्हणतात, जपानी घे. गाडी घेताना रूपाला किती वजन द्यावे आणि बांधणीला किती?
— एक वाचक, माजरी (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. इटालियन गाडी खरेच टिकत नाही का, हा एक. आणि मनात भरलेल्या गाडीसाठी थोडा त्रास सोसावा का, हा दुसरा. बाबा पहिल्याबद्दल बोलत आहेत, तुम्ही दुसऱ्याबद्दल. म्हणून घरात वाद मिटत नसावा.

आधी ‘इटालियन’ या शब्दाचा उलगडा करू. तुम्हाला हवी असलेली गाडी व्हेनिसजवळच्या नोआले या गावी आखली गेली, पण ती तयार होते बारामतीत, अप्रिलियाची मालक असलेल्या पियाजिओच्या कारखान्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जगापुढे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोव्यात तिची भारतातली किंमत जाहीर झाली : शोरूमची ४ लाख १० हजार. बाबा ज्या आपे रिक्षात बसून बाजाराला जात असतील, तीही याच कंपनीची आणि बारामतीचीच. ऑस्ट्रियाची केटीएम आणि इंग्लंडची ट्रायम्फ ४०० जशा चाकणला बनतात, तसेच हे. टाकीवरच्या नावावरून आखणी कुठली ते कळते. नट कोणी आवळला ते कळत नाही.

तरीही बाबांचा समज हवेतून आलेला नाही. इटलीतले मोटारसायकलचे कारखाने बहुतेक लहान, शर्यतीच्या वेडातून वाढलेले आणि पैशाच्या ओढाताणीतले. बोलोन्याच्या डुकाटीचे उदाहरण घ्या. इतर गाड्यांत इंजिनाची झडप कॅम उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. डुकाटीत बंद करण्याचे कामही कॅमच करतो. शर्यतीत याचा फायदा झाला आणि तीच डुकाटीची ओळख बनली. पण झडपांतले अंतर ठरावीक किलोमीटरला तपासावे लागे, आणि जुन्या डुकाट्यांचे रबरी टायमिंग पट्टे गाडी उभी असली तरी काही वर्षांनी बदलावे लागत. ज्यांनी हे केले त्यांच्या गाड्या चालल्या. ज्यांनी टाळले त्यांनी ‘इटालियन गाडी नाजूक’ हे गावभर सांगितले.

पुढची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याला भिडते. डुकाटीने २०२० मध्ये लांब प्रवासाची नवी मल्टिस्ट्राडा व्ही४ काढली, तेव्हा आपली ही लाडकी रचना बाजूला ठेवून साध्या स्प्रिंगा बसवल्या. झडपांची तपासणी ६०,००० किलोमीटरवर गेली. जुने चाहते हळहळले. पण शर्यतीच्या गाडीत वैशिष्ट्य ठेवायचे आणि प्रवासाच्या गाडीत टिकाऊपणा, हा निवाडा कंपनीने स्वतःच केला. गाडीचा उपयोग काय, त्यावर रूपाचे वजन ठरते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आता रूपाकडे येऊ. रूप म्हणजे नुसता रंग आणि वळणे नव्हेत. या गाडीचा जो आवाज तुम्हाला आवडला असेल, त्याला यांत्रिक कारण आहे. इंजिनात दोन सिलिंडर शेजारी शेजारी आहेत, पण क्रँकवरचे त्यांचे टप्पे एकमेकांपासून २७० अंशांवर ठेवले आहेत. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक २७० अंशांनी, पुढचा ४५० अंशांनी. काटकोनात मांडलेल्या व्ही इंजिनाचा तालही हाच. धडधडीत आवाज आणि मागच्या चाकाला मिळणारा वेगळाच जोर यातून येतो. हे आखणाऱ्याचे कसब आहे आणि त्यासाठी पैसे मोजणे मला गैर वाटत नाही. माणूस आवडलेल्या गाडीची देखभालही मनापासून करतो, आणि ती गाडी जास्त टिकते.

बांधणीबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट आहे : जड पत्रा म्हणजे मजबूत गाडी. एकाच नमुन्याच्या दहा गाड्या सारख्याच निघणे, याला मी चांगली बांधणी म्हणेन. वायरिंग कुठे घासत नाही, रंग टाकीच्या झाकणाखालीही नीट बसला आहे, बटणे दाबल्यावर तशीच परत येतात, हे तिचे पुरावे. आणि बांधणीपेक्षाही वेगळी गोष्ट म्हणजे दुरुस्तीची सोय.

ती किती मोलाची हे चेतकने दाखवले. बजाजने आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून त्याच घडणीची चेतक आली. आखणी अस्सल इटालियन, आणि तरीही ती महाराष्ट्रातल्या घराघरांत पिढीभर चालली. चेतक बिघडत नव्हती असे नाही. प्लग काळा पडे, क्लचची वायर तुटे. पण प्लग दारातच पॉलिश पेपरने घासता येई, वायर डिकीत असे आणि मिस्त्री चौकात. तेव्हा ‘इटालियन म्हणजे नाजूक’ हे विधान बाबांच्याच तरुणपणीच्या स्कूटरने खोटे ठरवले आहे. फरक एवढाच की आरएस ४५७ चा मिस्त्री तुमच्या चौकात नाही. तिच्या बिघाडाचे निदान करायला संगणक लागतो. मोठ्या गाड्यांची अधिकृत वर्कशॉपे बहुधा नागपूरसारख्या शहरांत, म्हणजे माजरीहून शंभराहून जास्त किलोमीटरवर.

शिवाय कंपनीचा भारतातला संसारही पाहावा लागतो. इटलीतल्या पेझारोची बेनेली २०१५ मध्ये पुण्याच्या डीएसके समूहामार्फत वाजतगाजत आली. २०१८ मध्ये कारभार हैदराबादच्या समूहाकडे गेला. मालकी तर २००५ पासूनच चिनी होती. गाडी तीच, नाव तेच. पण असा कारभार हलला की सुट्या भागांची साखळी पुन्हा जोडावी लागते, आणि तोवर वाट पाहतो तो ग्राहक. बारामतीत अनेक वर्षे कारखाना चालवणाऱ्या कंपनीबाबत ही काळजी तुलनेने कमी आहे. ही तुमच्या बाजूची जमेची गोष्ट.

आता तुमचे गाव. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७०. तुमच्याकडे हवा ४६ वर असेल तर फरक ४९. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात सुमारे तीस टक्के कमी उष्णता बाहेर पडते. म्हणून पंखा वारंवार फिरेल आणि रेल्वे फाटकावर उभे असताना मांड्या भाजतील. हा बिघाड नव्हे. कोणत्याही देशाच्या, अंगभर आवरण असलेल्या ताकदवान गाडीला हे होईल. मित्रांची जपानी गाडीही याला अपवाद नाही.

दुसरा शत्रू कोळशाची धूळ. ट्रकमागून जाताना ती एअर फिल्टरमध्ये भरते, रेडिएटरच्या पात्यांत बसते आणि चेनच्या तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखी घासू लागते. पावसाळ्यात तिचाच काळा चिखल होतो आणि समोरच्या फोर्कच्या सीलवर चढतो. पुस्तिकेत दिलेली मुदत साधारण रस्त्यांसाठी असते. तुम्ही फिल्टर निम्म्या अंतरावर तपासा आणि चेन आठवड्याला पुसा. इथे गाडीच्या देशापेक्षा मालकाची सवय जास्त महत्त्वाची.

शोरूममध्ये काय पाहावे? नवी चकचकीत गाडी थोडेच सांगते. डेमोची, हजारो किलोमीटर चाललेली गाडी मागा. तिचे सीट उचलून जोडण्या पाहा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कोणती वायर ताणली जाते किंवा घासते का ते बघा. एकाच नमुन्याच्या दोन-तीन गाड्या शेजारी ठेवून प्लास्टिकच्या फटी ताडून पाहा. एकीत फट एक आणि दुसरीत वेगळी असेल तर जुळणीत हयगय आहे. मग सुट्या भागांच्या काउंटरवर जा आणि ब्रेक लिव्हर, क्लच केबल, समोरचा इंडिकेटर आज मिळतो का एवढेच विचारा. ‘मागवून देतो’ हे उत्तर आले तर किती दिवसांत, ते लिहून घ्या. गाडीबद्दल सर्वांत खरी माहिती या काउंटरवर मिळते.

खर्चाचेही एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. म्हणजे ४५७ सीसीच्या गाडीत तुमच्या पैशाचा मोठा वाटा रूपाला किंवा बांधणीला जात नाही, करात जातो. विमा, टायर आणि नागपूरच्या फेऱ्या त्यावर.

आता माझे मत. तुमची १२५ विकून ही गाडी घ्यायची असेल तर घेऊ नका. पहाटेच्या पाळीला वेळेवर पोहोचवणारी गाडी शंभर किलोमीटरवरच्या वर्कशॉपवर अवलंबून असू नये; तिथे बाबा बरोबर आहेत. पण १२५ घरात राहणार असेल, हप्त्यांचा भार पेलणार असेल आणि ही गाडी सुट्टीच्या दिवशी वरोऱ्यापुढच्या महामार्गावर चालणार असेल, तर मनातली गाडी खुशाल घ्या. बांधणी तपासात उतरली की उरलेला कौल रूपालाच द्यावा. फक्त टेस्ट राइड मे महिन्यात, दुपारी दोन वाजता घ्या, आणि बाबांना सोबत न्या.