आधी थांबायला शिका

प्रश्न : पुण्याहून नुकतेच अमेरिकेत बफेलोला आलो आहोत. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे. बर्फासाठी वेगळं काही शिकावं लागेल का?

उत्तर : हो, आणि सर्वांत आधी थांबायला. ईरी सरोवराच्या तुलनेनं उबदार पाण्यावरून थंड वारा बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यांत बर्फ ओततो. त्यामुळे एका उपनगरात ऊन, तर काही किलोमीटरवर पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क या उपनगरात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. उत्तरेकडच्या उपनगरांत त्यामानाने फारच थोडा. म्हणून खिडकीतलं आकाश पाहून निघू नका. हवामान खात्याचा इशारा आणि रडारवरचा पट्टा पाहा.

फोर-व्हील ड्राइव्हनं गाडी जागची हलते, पण ब्रेक लावल्यावर पकड टायरच देतात. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं, म्हणून चारही टायर हिवाळी घ्या. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. इथले लोक तर बिनधास्त जातात, असं तुम्हाला वाटेल. पण सरावानं घसरण आवरता येते, न दिसणारा रस्ता दिसत नाही. प्रवासबंदी लागली की घरीच राहा. वाटेत अडकलात तर गाडी सोडू नका, आणि एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ काढल्याशिवाय इंजिन चालू ठेवू नका. आत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.