फायूम प्रांत : पाण्याची वांटणी व निचरा

पाणी आलें कीं शेती सुधारली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें पाहण्यास मिसर देशांतील फायूम प्रांत फार उपयोगी असल्यामुळें, त्याची माहिती आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

कैरो शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें १०० किलोमीटरांवर, वाळवंटांतील एका विस्तीर्ण खोलगट भागांत हा प्रांत वसला आहे. २०१७ च्या खानेसुमारींत येथील वस्ती सुमारें ३६ लक्ष भरली. तींतील चारांपैकीं तीन माणसें खेड्यांत राहतात. पाऊस जवळजवळ नाहींच. नाईल नदीचें पाणी बहर युसुफ या कालव्यानें लाहून गांवाजवळ प्रांतांत येतें व उतारानें आपोआप शेतांपर्यंत पोंचतें. प्रवाहाच्या जोरावर फिरणारे, बैलांवांचून चालणारे लांकडी रहाट ही येथील जुनी खूण होय.

कालव्यास फांटे फुटतात तेथें पक्के उंबरे बांधलेले असून, ज्या फांट्याखालीं जितकी जमीन, तितकी त्याच्या उंबऱ्याची रुंदी असते. पुढें पाटावर आठवड्याची पाळी चालते. प्रत्येकाचा वार व घटका ठरलेली. आपल्याकडील पांझरेवरची फड पद्धति ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं. हिवाळ्यांत गहूं व बरसीम, उन्हाळ्यांत मका, ज्वारी व कापूस हीं मुख्य पिकें होत. शिवाय खजूर व ऑलिव्ह यांच्या बागा आहेत.

जमिनीचें माप फेद्दान; तें आपल्या एकराहून किंचित् मोठें. १९५२ च्या कायद्यानें मिसरांत एका मालकास २०० फेद्दानांची मर्यादा घातली व कुळांच्या खंडास आळा घातला. ही मर्यादा १९६९ पर्यंत ५० वर आली. परंतु १९९२ च्या कायद्यानें, १९९७ पासून, कुळांचें जुनें संरक्षण गेलें. वारसांच्या वांटण्यांनीं शेतें लहान झालीं आहेत, आणि अनेक घरांतील तरुण कैरोस किंवा परदेशीं मजुरीस जातात.

आतां मुख्य दोष पाहूं. शेतांतून निघणारें पाणी सखल बाजूच्या कारून सरोवरांत जातें. हें सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारें ४४ मीटर खालीं असून त्यास बाहेर वाट नाहीं. पाणी उन्हानें उडून जातें, क्षार मागें राहतात. प्राचीन काळीं गोडें असलेलें हें सरोवर आज समुद्रासारखें खारट आहे. गोड्या पाण्यांतील मासे नष्ट झाल्यामुळें समुद्रांतील मासे आणून सोडावे लागले. पाणी वाढून कांठचीं शेतें बुडूं नयेत म्हणून १९७३ पासून निचऱ्याचा एक भाग रायान खोऱ्याकडे वळविला आहे. कालव्याच्या शेवटाकडील शेतकऱ्यांस पाणी अपुरें पडलें कीं ते निचऱ्याचेंच खारट पाणी पुन्हां शेतास देतात, व त्यांची जमीन आणखी खारावते. एकाच्या हातून वाहून गेलेलें जास्त पाणी अशा रीतीनें दुसऱ्याच्या शेताचें नुकसान करितें.

नीरा कालव्याखालीं क्षार फुटून जमिनी निकामी झाल्याचें आपण पाहिलेंच आहे. म्हणून पाटाची मागणी करितांना निचऱ्याचे चर कोठून काढावयाचे व ते कोठें नेऊन सोडावयाचे, हेंही गांवानें त्याच बैठकींत ठरवावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.