दोन कोतवाल

जुलमी अधिकाऱ्यास आपण सहज ‘घाशीराम कोतवाल’ म्हणतों. परंतु हा मनुष्य चढला कसा व पडला कसा, याचा विचार क्वचितच करितों. पनवेलहून बोरघाट चढला कीं पुढें पुणें. तेव्हां ही गोष्ट आम्हांस परकी नाहीं.

घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडील उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर जे धामधुमीचे दिवस आले, त्यांत त्यानें नाना फडणविसांचा विश्वास संपादिला व १७७७ सालीं तो पुण्याचा कोतवाल झाला. रात्रींची तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडेल त्यास त्याचे शिपाई पकडीत. लोकांच्या गाऱ्हाण्यांची दाद लागेना. असा अंमल चौदा वर्षें चालला. १७९१ च्या ऑगस्टांत त्यानें चोरीच्या संशयावरून कांहीं तेलंगी ब्राह्मणांस एका कोंदट कोठडींत कोंडिलें. त्यांतील सुमारें वीस जण गुदमरून मेले. शहर खवळलें. अखेर नानांस त्याला तेलंगांच्या स्वाधीन करावें लागलें व जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारिलें.

साम्यवादी रशियांतील निकोलाय येझोव याची कथा अशीच आहे. १९३६ च्या सप्टेंबरांत स्टॅलिननें त्यास गुप्त पोलिसांचें प्रमुखपद दिलें. १९३७ व १९३८ या दोन वर्षांत सुमारें ६,८०,००० माणसें गोळ्या घालून मारण्यांत आलीं. पुढें धन्यास त्याची गरज उरली नाहीं. १९३८ च्या अखेरीस त्याचें पद गेलें, १९३९ सालीं त्यास अटक झाली व १९४० च्या फेब्रुवारींत, गुप्त खटल्यानंतर, त्यासहि गोळी घालण्यांत आली. स्टॅलिनशेजारच्या छायाचित्रांतूनसुद्धां त्याची आकृति पुसली गेली. त्याच्या आधींचा यागोदा व नंतरचा बेरिया यांचाहि शेवट गोळीनेंच झाला.

दोघांसहि वर चढविलें तें धन्याच्या भयानें, व टिकविलें तें लोकांच्या मौनानें. परंतु ‘केल्याचें फळ मिळालें’ एवढेंच म्हणून आपण थांबूं नये. जमावाचे दगड म्हणजे न्याय नव्हे. बंद दाराआडचा खटला म्हणजेहि न्याय नव्हे. त्या चौदा वर्षांत एका तरी गाऱ्हाण्याची उघड चौकशी होऊन कोतवालास वेळींच आवर बसता, तर ते वीस जीव वांचते. कदाचित् घाशीरामहि वांचता.

मुलांनो, वर्गनायक असो कीं कोतवाल, ज्यास दुसऱ्यांवर नजर ठेवण्याचें काम मिळतें, त्यास जाब विचारणारा कोणी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहा. आणि पालकांस आमची विनंति कीं, मूल गाऱ्हाणें घेऊन आलें तर तें पुरतें ऐकून घ्यावें.