बेसचा ॲम्प घेताना वॅट शेवटी बघा

बेस गिटार शिकू लागलेली मुलं ॲम्प घ्यायच्या आधी मला गाठतात. प्रश्न ठरलेला असतो : किती वॅटचा घेऊ? मी त्यांना विचारतो, वाजवणार कुठे, आणि तिथवर तो नेणार कसा? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी निवड तिथेच होते. वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. हे मी ओझी वाहून शिकलो आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

माझं वाजवणं वाद्यवृंदातलं. हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम, गणपतीतले मंडप, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं, अधूनमधून लग्नाचं रिसेप्शन. डोंबिवलीहून लोकल पकडायची, दादरला उतरून पूल चढायचा-उतरायचा, पुढे टॅक्सी. एका खांद्यावर गिटार, दुसऱ्या हातात जे मावेल तेवढंच सामान. मुंबईतल्या बहुतेक हौशी आणि अर्धव्यावसायिक वादकांचं असंच आहे. पुण्यात लोकलच्या जागी स्कूटर येते, एवढाच फरक.

पहिला ॲम्प मला आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ बेसवादकाने दिला. १५ इंची स्पीकर, जाड प्लायवूडची पेटी, आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर. खालची ई तार छेडली की पायाखालची फरशी थरथरायची. पण तो उचलायला दोन माणसं लागायची. मालडब्यात चढवताना लोक वैतागायचे, आणि कार्यक्रम संपल्यावर रात्री उशिरा तो पुलावरून नेताना कंबर धरायची. हळूहळू तो घरीच राहू लागला आणि आयोजकांकडे जे असेल त्यात मी जॅक लावू लागलो. कधी गायकाचा मॉनिटर, कधी कीबोर्डचा ॲम्प, कधी काहीच नाही. स्वतःचा एक सूरही ऐकू न येता अख्खा कार्यक्रम वाजवणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ड्रमरकडे बघून ठोका धरायचा आणि स्वर बोटांच्या सवयीवर सोडायचा.

त्यानंतरचा ॲम्प अगदी दुसऱ्या टोकाचा. ८ इंची स्पीकर, हलका, पेटीवर ठळक अक्षरांत १५० वॅट. दुकानात एकट्याने वाजवला तेव्हा दणदणीत वाटला. तालमीत ड्रमसेट सुरू झाला, कीबोर्डवाल्याचा डावा हात पडला आणि बेस नाहीसा झाला. व्हॉल्यूम वाढवला तर खर्जाच्या जागी नुसती फरफर. काही महिन्यांत कोनची कड फाटली. पेटीवरचा आकडा क्षणभर गाठता येणाऱ्या कमाल शक्तीचा होता. सतत देता येणारी शक्ती, जिला आरएमएस म्हणतात, ती मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिली होती आणि कितीतरी कमी होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, ॲम्प आधी पाठीमागून बघा.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झच्या आसपास. साध्या गिटारची खालची तार ८२ हर्ट्झवर, म्हणजे एक सप्तक वर. एक सप्तक खाली उतरून तेवढ्याच जोराचा आवाज काढायचा, तर स्पीकरच्या कोनला चौपट पुढेमागे हलावं लागतं. लहान कोनला तेवढी हालचाल झेपत नाही. त्यातून माणसाचा कान खर्जाला मंद. मधल्या पट्टीतला आवाज जितका सहज ऐकू येतो तितकाच खालचा ऐकू यायला पुष्कळ जास्त जोर लागतो. गिटारच्या ॲम्पमधून मोठ्याने बेस वाजवू नये, ते याचमुळे. घरी हळू आवाजात रियाज केला तर काही बिघडत नाही. ड्रमच्या बरोबरीने वाजवलं की कोन जातो.

पण यात एक दिलासाही आहे. तार छेडली की ४१ च्या बरोबर ८२, १२३, १६४ असे उपस्वर निघतात, आणि मूळ स्वर क्षीण असला तरी या उपस्वरांवरून मेंदू तो ओळखून घेतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो उपस्वरांचाच खेळ. इथे तो उलट दिशेने चालतो. त्यामुळे चांगला १० इंची स्पीकर ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने देत नसला, तरी बेस भरदार वाटू शकतो. लहान ॲम्पवर माझा विश्वास बसला तो हे उमगल्यावर.

आता वॅट. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे फरक जाणवतो पण थोडाच. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून ४० आणि ५० वॅटच्या ॲम्पमध्ये आकड्यावरून निवड करण्यात काहीच हशील नाही. स्पीकर किती कार्यक्षम आहे, याने जास्त फरक पडतो : एकाची संवेदनशीलता ९० डेसिबल आणि दुसऱ्याची ९६ असेल, तर दुसरा चौथाई वॅटमध्ये तेवढाच आवाज देईल. मात्र हा आकडा लहान ॲम्पच्या पत्रकात क्वचितच छापतात. तेव्हा कानानेच ठरवायचं.

मोठे, जड ॲम्प आले ते त्या काळाच्या गरजेतून. लिओ फेंडरने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी १५ इंची स्पीकरचा बेसमन ॲम्प. १९६९ मध्ये ॲम्पेगचा एसव्हीटी आला. व्हॉल्व्हचा, ३०० वॅटचा. नुसतं हेडच चाळीस किलोच्या आसपास, आणि त्याखाली आठ १० इंची स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात हे ॲम्प वापरले गेले. त्या काळी पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा, मुख्यतः गायकांच्या माइकसाठी असायचा, त्यामुळे बेसला मंचावरूनच अख्खं मैदान भरावं लागे. आज आपल्याकडे अगदी गल्लीतल्या मंडपातसुद्धा साउंडवाला सबवूफर लावतो. प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवणं त्याचं काम. आपला ॲम्प आपल्यासाठी आणि ड्रमरसाठी.

एवढं मान्य केलं की निवड सोपी होते. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ॲम्पच्या मागे असलेलं एक्सएलआर लाइन आउट. तिथून केबल थेट मिक्सरला जाते, तुमचा सूर तुम्ही लावलेल्या टोनसकट पीएला मिळतो, आणि ॲम्प पायाशी मॉनिटर म्हणून वाजत राहतो. ही एक सोय असली की ४० वॅटचा ॲम्प हजार माणसांच्या कार्यक्रमाला पुरतो. ती नसली तर बेस मिक्सरला जोडून देणारा वेगळा डीआय बॉक्स घ्यावा लागतो, तो खर्च किमतीत धरा.

उदाहरण म्हणून फेंडरची रंबल मालिका घ्या. रंबल २५ मध्ये ८ इंची स्पीकर आहे, एक्सएलआर नाही; घरच्या रियाजाला छान. रंबल ४० मध्ये १० इंची स्पीकर आणि एक्सएलआर, वजन ८ किलोच्या आसपास. रंबल १०० मध्ये १२ इंची स्पीकर, वजन सुमारे १० किलो. माझा सल्ला बहुतेकांना मधल्या गटाचा असतो. ड्रमर हात मोकळा सोडून वाजवणारा असेल तर १०० वॅटचा. हार्टके, ऑरेंज, ॲम्पेग, लेनी यांचेही याच वर्गातले ॲम्प आहेत. नावावर अडून बसू नका.

एवढा हलकेपणा आला तो सॉलिड-स्टेट तंत्रामुळे, आणि अलीकडे क्लास डी पद्धतीमुळे. तापणारे मोठे हीटसिंक आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मर यांची जागा स्विचिंग सर्किटने घेतली. व्हॉल्व्ह फुटण्याची भीती नाही, तापवत बसायला नको. मात्र एक पथ्य आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेपलीकडे गेला की आवाज हळूहळू जाडसर होतो, कित्येकांना तो आवडतोही. ट्रान्झिस्टरचा ॲम्प मर्यादा ओलांडली की एकदम कर्कश होतो आणि स्पीकरलाही त्रास देतो. म्हणून तालमीतलं तुमचं नेहमीचं वाजवणं व्हॉल्यूमच्या दोन-तृतीयांशाच्या आत बसेल असा ॲम्प घ्या.

दुकानात जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल न्या. तिथला महागडा बेस लावून कुठलाही ॲम्प गोड लागतो. सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा, खालची तार मोकळी छेडा, मग व्हॉल्यूम वाढवत न्या आणि पेटी कुठे खडखडते का ऐका. चार-पाच पावलं मागे जा, कारण मंचावर तुमचे कान ॲम्पला चिकटलेले नसतात. शक्य असेल तर मित्राला शेजारच्या ड्रमसेटवर बसवा. दुकानदार कुरकुर करतील, तरी आग्रह धरा. माझा ८ इंची ॲम्प या एका परीक्षेत तिथल्या तिथे उघडा पडला असता. शेवटी तो उचलून दुकानाचा जिना एकदा चढून-उतरून बघा. हे सांगितलं की मुलं हसतात, पण मी ते करायला लावतोच.

घेतल्यावरही बरंच हातात असतं. बेस ऐकू येत नाही म्हणून बेसचा नॉब वाढवणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. त्याने ॲम्पची शक्ती खर्जात संपते आणि सूर आणखी गढूळ होतो. त्याऐवजी तो किंचित कमी करून लो-मिड, म्हणजे २०० ते ४०० हर्ट्झचा भाग, थोडा वर आणा. भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवलात तर खर्ज फुकटात वाढतो. पोकळ लाकडी मंचावर मात्र तोच खर्ज घुमू लागतो, तिथे ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका करून तोंड कानांकडे करा.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. अर्थिंग बिघडलं की स्पीकरमधून जो ‘हूं’, म्हणजे हम, येतो तो बेसच्या ई तारेवरच्या तिसऱ्या पडद्याला, म्हणजे खालच्या जी स्वराला अगदी लागून असतो. तो घालवायला मंडपात काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. हे कधीही करू देऊ नका. अर्थ नसलेला ॲम्प, तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकला, एवढं जुळलं की जीव जाऊ शकतो. हम घालवायला लाइन आउटजवळचा ग्राउंड लिफ्टचा स्विच वापरा. तो फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडतो, विजेचा नाही. तेवढ्याने हम गेला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कार्यक्रम पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला तरी चालेल.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून ॲम्प मागवणारेही भेटतात. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा. मागच्या पट्टीवर फक्त १२० लिहिलं असेल तर इथे थेट लावताच तो जळेल, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जोडला तर हलका ॲम्प घेण्याचा सगळा हेतूच गेला.

सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, कमी पैशात चांगला ॲम्प मिळायचा तो उत्तम मार्ग आहे. जाळी काढून कोन बघा, बोटांनी हलकेच समान दाब देऊन घासल्याचा आवाज येतो का ऐका. नॉब फिरवताना खरखर आली तर ती बहुधा धुळीची, क्लीनर मारला की जाते. पेटीचा तळ तपासा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर राहिलेलं दाबाचं लाकूड फुगून सुटू लागतं. अर्धा तास चालू ठेवून मग पुन्हा वाजवा, कारण काही दोष तापल्यावरच दिसतात. आणि क्लास डी असेल तर सर्व्हिसची चौकशी आधी करा. जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर ॲम्प पीए दुरुस्त करणारा कारागीर सुटे भाग बदलून चालू करतो. क्लास डीमध्ये बहुतेकदा अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि तो बोर्ड इथे मिळतो की नाही यावर त्या ॲम्पची खरी किंमत ठरते.