जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन थरथरते: कोड वाचून दोष कसा शोधावा?

खराडी हे मुळा-मुठेच्या काठावरील गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले. गावाची वस्ती वाढली, तरी नगर रस्त्याच्या पट्ट्यातून पालेभाजी, फुले व दूध घेऊन शहराकडे जाणारी वाहने आजही पहाटे दिसतात. यांपैकी बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या आहेत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल वेळेवर पोचला नाही तर भाव हातचा जातो. अशा वेळी उभ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले व समोरचा पिवळा इंजिन दिवा लागला, तर घाईने सुटे भाग बदलण्यापेक्षा क्रमाने तपासणी करणे फायद्याचे ठरते.

कोड कोठे मिळतो?

पुण्यासह काही शहरांत एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चार मानक लागू झाले आणि त्याबरोबर गाडीत स्वतःचे दोष नोंदविणारी यंत्रणा सक्तीची झाली. एप्रिल २०१३ पासून तिची पुढची पायरी आली. अशा गाडीत स्टिअरिंगखाली १६ टोकांचे सॉकेट असते. त्याला लहान स्कॅनर जोडला की दोषाचा क्रमांक दिसतो. त्याआधीच्या काही इंजेक्शन गाड्यांत दिवा मिचकावून आकडा दाखविण्याची सोय होती. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र कोड नसतो. तेथे प्लग, पॉइंट व मिश्रण हीच तपासणी.

कोड मिळाल्यावर तो प्रथम वहीत लिहून ठेवावा. कोड पडला त्या क्षणाचे इंजिनचे तापमान व फेरे स्कॅनरवर दिसत असल्यास तेही लिहावेत. कोड लगेच पुसू नये. पुसल्यास ही नोंदही जाते.

कोडचा अर्थ

पी-०३०० : निरनिराळ्या सिलिंडरांत मिसफायर.
पी-०३०१, ०३०२, ०३०३ : अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरात मिसफायर.
पी-०१७१ : हवा जास्त किंवा पेट्रोल कमी.
पी-०१७२ : पेट्रोल जास्त.
पी-०१०७, ०१०८ : हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा संदेश अनुक्रमे फार कमी किंवा फार जास्त.
पी-०११७, ०११८ : पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या संदेशात तसाच बिघाड.
पी-०५०५ : संथ गती राखणाऱ्या यंत्रणेत दोष.

कोड लक्षण सांगतो, खराब भाग सांगत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पिकाचे पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी असे नव्हे. पाणी साचल्यानेही पान पिवळे पडते. तसेच पी-०१७१ आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला असे धरू नये. फाटलेली नळी, तुंबलेले फिल्टर किंवा थकलेला पंप यांमुळेही तोच कोड येतो.

तपासणीचा क्रम

१) बॅटरी व वायरिंग : इंजिन बंद असताना सुमारे १२.५ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. अर्थिंगची वायर घट्ट व स्वच्छ असावी. गोठ्याजवळ किंवा गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडली आहे काय, हे आधी पाहावे.

२) प्लग व कॉइल : पी-०३०१ आला असेल तर पहिल्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात घालून पुन्हा कोड पाहावा. कोड पी-०३०२ झाला तर दोष प्लगमध्ये आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास कॉइलचीही अशीच अदलाबदल करावी. एका वेळी एकच भाग हलवावा. चालू इंजिनची प्लगची वायर उपसून पाहण्याची जुनी सवय सोडावी. त्याने झटका बसतो व कॉइलही बिघडते.

३) हवेची गळती : संथ गतीत थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने आतील पोकळी जोरात हवा ओढते. म्हणून लहानशी चीरही याच वेळी जाणवते. रेस वाढविली की थरथर कमी होते. गाडीच्या रचनेप्रमाणे काही इंजिने अशा वेळी थरथरण्याऐवजी जास्त वेगाने फिरतात. रबरी नळ्या एकेक करून हलक्या दाबाव्यात. इंजिनचा आवाज सुधारला तर गळती त्या मार्गावर आहे. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधू नये, आग लागते.

४) थ्रॉटल बॉडी : झडपेभोवती काजळी साचल्यास संथ गतीची हवा कमी पडते. योग्य क्लीनरने ती पुसून काढावी.

५) पेट्रोल : संथ गतीत इंजिन ठीक, पण भरल्या गाडीत चढावर दम तोडते, असे असल्यास फिल्टर व पंपाचा दाब तपासावा. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी ओढते व जुन्या रबराला ते मानवतेच असे नाही. म्हणून जुन्या नळ्या व टाकीचे झाकण पाहत जावे.

६) सीएनजी असल्यास : सीएनजीवर इंजिन स्थिर व पेट्रोलवर थरथरते, तर पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर पाहावा. दोन्हींवर थरथरते, तर प्लग, कॉइल, हवेची गळती किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे.

७) कॉम्प्रेशन : वरील सर्व ठीक असल्यास मेस्त्रीकडून सर्व सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एका सिलिंडरचा दाब बराच कमी असल्यास त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. टॅपेटचे अंतरही तपासावे.

पीयूसीची चिठ्ठी उपयोगी

भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला संथ गतीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन दशलक्षात २०० भाग ही मर्यादा आहे. हायड्रोकार्बन वाढलेले व मोनॉक्साइड ठीक असल्यास मिसफायर संभवतो. मोनॉक्साइड वाढलेला असल्यास पेट्रोल जास्त जात आहे. जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या तर बिघाड केव्हा सुरू झाला तेही कळते.

धोक्याची सूचना

इंजिन दिवा सतत न जळता मिचकावू लागला तर मिसफायर गंभीर आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कन्व्हर्टरमध्ये जळते व तो अतिशय तापतो. अशी गाडी पाचट, कडबा किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नये. वेग कमी करून गाडी मोकळ्या जमिनीवर थांबवावी व माल दुसऱ्या वाहनाने पाठवावा.

सारांश

कोड लिहावा, मग वायर, प्लग, नळ्या, थ्रॉटल, पेट्रोल व शेवटी कॉम्प्रेशन असा स्वस्तातून महागाकडे क्रम ठेवावा. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी दोन-तीन दिवस चालवावी. तोच कोड परत आला नाही, तरच दोष गेला असे समजावे.